वडिलांची १९९४ ची चेतक: आधी इंजिन की आधी रंग?

मिरजेची_मृणाल

नमस्कार मंडळी. बाबांची बजाज चेतक आहे, १९९४ चं पासिंग, टू-स्ट्रोक, पॉइंटवाली. रंग फिकट निळा होता, आता कुठला म्हणायचा ते तुम्हीच ठरवा. शेवटची काही वर्षं बाबांना किक मारवत नव्हती, त्यामुळे गाडी बोळात ताडपत्रीखाली उभी. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात गल्लीतल्या मिस्त्रींनी टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला आणि गाडी चक्क चालू झाली. मला ती शोसाठी नकोय, मिरज-सांगली रोज ऑफिसला वापरायची आहे.

तक्रारी सांगते. सकाळी आडवी केल्याशिवाय चालू होत नाही. धूर पांढरा, आणि इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही. विश्रामबागपर्यंत पोचले की रेस आपोआप वाढते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी सिग्नलला गुरगुरत राहते आणि आजूबाजूचे लोक मलाच बघतात. सेकंड गिअर उडतो. पुढच्या ब्रेकचा दांडा मुठीला टेकतो. हळू चालवताना हेडलाइट पिवळा पडून नसल्यासारखा होतो. शिवाय फ्लोअरवरचं रबर उचललं तर मागच्या ब्रेकच्या पायडलजवळ पत्र्याला भोक, खालचा रस्ता दिसतो.

धाकट्या भावाची योजना तयार आहे: मॅट ब्लॅक, अलॉय व्हील, पुढे डिस्क, एलईडी, छोटी तपकिरी सीट. त्याने मोबाइलवर चित्रसुद्धा करून ठेवलंय. एका गॅरेजवाल्याने मात्र सांगितलं, "ताई, यात पैसे घालू नका, भंगार आहे, आठ हजार देतो." त्यानंतर त्यांचाच दोनदा फोन आला, "काय ठरलं?" म्हणून. भंगारासाठी एवढी ओढ बघून मला शंका आली.

बजेट पंचवीस हजार, फार तर तीस. आरसी अजून बाबांच्या नावावर आहे आणि तिची मुदत २०२४ मध्येच संपली. सुरुवात कुठून करू?

नाशिकचा_टकाटक

ताई, भावाला करू द्या! माझी पण चेतकच, मॅट ग्रे, बारीक सीट, पुढे एलएमएलचा डिस्कवाला फोर्क. कॉलेज रोडला उभी केली की पोरं फोटो काढतात. आपल्याला मूळ रंग, मूळ बॅज यांचं वेड नाही. गाडी आपली, आवड आपली. जुन्या गाडीला नवीन पिढीने हात लावला तरच ती टिकते, नाहीतर ताडपत्रीखाली जाते.

अलॉयबद्दल मात्र विचार करा. चेतकचं रिम दोन भागांचं, नटबोल्टने जोडलेलं. पंक्चर झालं तर स्टेपनी लावायची आणि पुढे चालायचं, दहा मिनिटांचं काम. पुढचं-मागचं चाक एकच, ३.५०-१० चा टायर. ती सोय सोडायची असेल तर ट्यूबलेस रिम चांगलं घ्या, स्वस्तातलं नको.

उद्यमनगरचा_बोअरवाला

मृणालताई, मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग मशिनवर आयुष्य गेलं. स्कूटर, लूना, राजदूत, सगळ्यांची सिलिंडरं हाताखालून गेली. घरची चेतक ८७ ची, नंबर लावून मिळालेली. तेव्हा पैसे भरायचे आणि वाट बघायची. लग्न ठरायचं, गाडी यायची नाही. त्यामुळे ती भंगार म्हणणाऱ्यावर माझा जरा राग आहे, तो बाजूला ठेवून सांगतो.

तुम्ही लिहिलेल्या तक्रारींत सगळ्यात मोठी तुम्ही शेवटी लिहिलीत. भोक. चेतकला मोटरसायकलसारखी नळ्यांची वेगळी चॅसी नसते. पत्रा हीच चॅसी. हँडलपासून सीटखालपर्यंत सगळा भार तो दाबलेला पत्रा घेतो. त्यामुळे फ्लोअर गंजला म्हणजे पाय ठेवायची जागा खराब झाली एवढंच नाही, गाडीचं हाड कमी झालं. पायडलजवळच जास्त गंजतं, कारण रबराखाली पावसाचं पाणी आणि चिखल बसून राहतो, वरून काही दिसत नाही. आधी सगळं रबर, सगळ्या पट्ट्या काढा. लाकडी मुठीचा पेचकस घ्या आणि खालच्या बाजूने टोचत जा, विशेषतः मधला जो उंचवटा आहे त्याच्या कडेला आणि स्टँड बसतो तिथे. जिथे टोक आत जातं तिथला पत्रा कापून नवीन वेल्ड करायचा. भोक नाण्याएवढं असेल, पण कापताना तळहाताएवढं निघेल, दचकू नका. पुट्टी आणि फायबर भरून "झालं ताई" म्हणणारा पेंटर भेटला तर चहा प्या आणि उठा.

म्हणजे रंग शेवटी. भावाला वाईट वाटेल, पण वेल्डिंगच्या आधी रंग दिला तर तो जळणारच आहे.

आता इंजिन. पांढरा धूर आणि गरम झाल्यावर रेस वाढणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण मूळ बहुतेक एकच: क्रँकची ऑइल सील, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्या. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की सीलचं रबर कडक होतं, ओठ चिरतो. दोन सील, दोन बाजूंना. मॅग्नेटच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चाकाच्या बाजूचं गेलं तर इंजिन तिथून हवा ओढतं. पेट्रोल कमी, हवा जास्त, म्हणून रेस चढते आणि खाली येत नाही. अशी गाडी पळवू नका, पातळ मिश्रणावर पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. तोच तुमचा न संपणारा धूर.

खात्री घरी करता येते. गाडी थोडी फिरवून गरम करा, खालचा बोल्ट काढून गिअर ऑइल मापाच्या भांड्यात काढा. भरताना पाव लिटर पडतं. त्याहून बरंच कमी निघालं तर ते धुरात गेलं. बोटावर घेऊन वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर सील दोन्हीकडून वाट देतंय, तेल इकडे येतंय आणि पेट्रोल तिकडे जातंय. वास आला की पुढचा वाद संपला. मॅग्नेटकडचं तपासायला फॅनचं झाकण आणि मॅग्नेट काढावा लागेल, पुलरने काढायला सांगा, हातोड्याने नाही. मागच्या प्लेटभोवती तेलकट ओल आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर सील गेलं. सगळं कोरडं असेल तर कार्बोरेटरखालचं पॅकिंग बघा, तिथूनही हवा खाते.

मॅग्नेटकडचं सील इंजिन न उघडता बदलतं. क्लचकडच्यासाठी इंजिन पूर्ण दोन भागांत उघडावं लागतं, आणि उघडलंच तर अर्धवट काम करून बंद करू नका. दोन्ही सील, क्रँकचे बेअरिंग, सगळी पॅकिंग, आणि गिअर बदलणारा क्रॉस. सेकंड उडतो तो याच क्रॉसच्या कडा घासल्या म्हणून. मिस्त्री म्हणतील वायर ओढून बघू. ओढू दे एकदा, वायर ढिली असेल तर फुकटात सुटेल, पण गिअर नीट पडून मग भार आला की उडत असेल तर क्रॉसच. क्लचच्या प्लेटा त्याच वेळी बघायच्या.

बोअर, म्हणजे सिलिंडर आतून कापून मापात आणणं, हा आमचा विषय, म्हणून दोन ओळी जास्त. सिलिंडर मशिनवर लावायच्या आधी नवीन पिस्टन दुकानातून आणून बोअरवाल्याच्या हातात द्या. तो पिस्टन मोजेल आणि त्याच्या मापाने बोअर करेल. "ओव्हरसाइझचं माप ठरलेलं असतं, पिस्टन नंतर आणा" म्हणणारा असेल तर सिलिंडर घेऊन परत या. होनिंगनंतर, म्हणजे शेवटच्या घासणीनंतर, आतली भिंत आरशासारखी चकचकीत नको, बारीक तिरप्या रेघा दिसल्या पाहिजेत, त्यात तेल धरतं. आणि खिडक्यांच्या कडा, म्हणजे जिथून पेट्रोल आत-बाहेर करतं त्या पोर्टच्या धारा, हलक्या हाताने मारून घ्यायच्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. हे सांगितल्याशिवाय बरेच जण करत नाहीत. बोअर करायची गरज आहे का ते मात्र सिलिंडर बघून. आतून ओरखडा नसेल, माप बरोबर असेल तर नुसत्या रिंग टाका आणि पैसे वाचवा.

तेल: पेट्रोलच्या लिटरला वीस मिली चांगलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल. नवीन बोअरला सुरुवातीची टाकी-दोन टाकी जरा जास्त. पंपावर "मी टाकतो ना साहेब" म्हणणाऱ्याच्या हातात बाटली देऊ नका. मापाचं झाकण डिकीत ठेवा, आधी तेल, वरून पेट्रोल, म्हणजे आपोआप मिसळतं.

ब्रेक: दांडा मुठीला टेकतोय तर लायनर आणि वायर दोन्ही बघा. मागचं चाक काढाल तेव्हा ब्रेकशू बोटाने पुसून पाहा. तेलकट असेल तर मागच्या हबचं सील गेलंय, गिअर ऑइल शूवर येतंय. नवीन शू टाकून उपयोग नाही, आधी सील.

सायलेन्सर काढून वजन बघा. कार्बनने भरलेला असेल तर बाकी सगळं करून पिकअप मिळणार नाही.

खर्चाचा अंदाज, आमच्या भागातला: इंजिन पूर्ण उघडून सील-बेअरिंग-क्रॉस-मजुरी सात-आठ हजार, बोअर-पिस्टन लागला तर वर अडीच-तीन. वेल्डिंग तीन-चार. टायर, ब्रेक, वायरी चार. उरलं त्यात रंग. अलॉय आणि डिस्क त्यात बसत नाहीत, आणि रोज सांगलीला जायला लागतही नाहीत. ड्रमचे ब्रेक नीट लावले तर त्या गाडीच्या वेगाला पुरतात. पुढचा ब्रेक जोरात दाबला की चेतक तोंड खाली घालते, तो तिचा स्वभाव आहे, डिस्क लावून बदलत नाही.

पेठेतला_पेपरवाला

बोअरवाले काका, दंडवत. मी फक्त कागदांचं बोलतो, कारण गाडी छान झाली आणि चौकात थांबवली तर कोणी पोर्ट बघत नाही.

मृणालताई, क्रम असा ठेवा. नावावर करणं आधी: मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणासाठी नमुना ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. आई आणि भाऊ दोघांच्या सह्या लागतील, तेव्हा मॅट ब्लॅकचा वाद सह्या होईपर्यंत लांबवा. विमाही तुमच्या नावावर करून घ्या. बाबांच्या नावावरचा विमा चालू ठेवला तर अपघातात तुम्हालाच त्रास.

नूतनीकरण पाच वर्षांचं असतं, त्यासाठी गाडी आरटीओत न्यावी लागते. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर वीस वर्षांवरच्या दुचाकीला २००० आहे. तुमची तिसावर गेलेली, म्हणजे २०००. मुदत उलटल्यावर दर महिन्याला ३०० जादा लागतात, तेव्हा रंग सुकायची वाट बघू नका. शिवाय पर्यावरण कर. आणि २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी, म्हणजे उच्च सुरक्षा पाटी लागणारच, दुचाकीला ४५० अधिक जीएसटी. एमएच १० ची जुनी हाताने रंगवलेली पाटी जपून ठेवा, पण घरात.

रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. फिकट निळ्याची फिकट निळी केली तर हे काम वाचतं. फोर्क बदलून डिस्क म्हणजे मूळ रचनेत बदल, नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षकाने विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

कोणी "व्हिंटेज करून घ्या" म्हणेल, त्याकडे दुर्लक्ष करा. त्याला गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली लागते. चेतक मुळात १९७२ ची, त्यामुळे अगदी पहिल्या गाड्याच आत्ता कुठे त्यात बसू लागल्यात. आणि व्हिंटेज नंबरवर रोज ऑफिसला जाता येत नाही.

ठाण्याचा_व्होल्टवाला

हेडलाइटबद्दल. या गाडीत हेडलाइट थेट मॅग्नेटच्या एसीवर चालतो, बॅटरीवर नाही. इंजिन हळू तर दिवा मंद, हे बिघाड नाही, रचनाच तशी. भावाने बाजारातला एलईडी बल्ब तसाच बसवला तर तो फडफडेल आणि थोड्या दिवसांत जाईल. एलईडी हवाच असेल तर स्टेटरची (मॅग्नेटमधल्या वीज देणाऱ्या कॉइलची) अर्थिंग वेगळी करून रेग्युलेटर-रेक्टिफायर (एसीची स्थिर डीसी करणारा डबा) आणि छोटी बॅटरी लावायची. काम एका दुपारचं आहे, पण वायरिंग समजणाऱ्याकडूनच करा. पावसाळ्यात सांगली-मिरज रस्त्यावर रात्री यायचं असेल तर मी हा बदल अलॉयच्या कितीतरी आधी करीन. भाऊही खूश.

दुसरं, आताचं इथेनॉलवालं पेट्रोल. ते हवेतलं पाणी धरतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पाणी तळाशी, टाकीत गंज, आणि जुनी रबरं फुगतात. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधली फ्लोटची निडल दोन्ही आत्ताच नवीन टाका. उभी करताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडू द्या, कार्बोरेटर रिकामा होतो. आणि ऑनलाइन सुटे भाग मागवताना "चेतक टू-स्ट्रोक" असंच लिहा. शेवटी शेवटी फोर-स्ट्रोक चेतकही आली होती, आणि २०१९ नंतर इलेक्ट्रिकचं नावही तेच, त्यामुळे नुसतं चेतक लिहिलं की भलतंच घरी येतं. पुण्यात असाल तर नाना पेठेत हातात धरून घ्या.

मिरजेची_मृणाल

सगळ्यांचे आभार. काका, तुम्ही सांगितलं तसं गिअर ऑइल काढलं. मोजमापाच्या भांड्यात जेमतेम अर्धं निघालं, आणि वास घेतला तर थेट पेट्रोल पंपच. मिस्त्री म्हणाले, "वास कोणी सांगितला?" मी तुमचं नाव सांगितलं नाही, कोल्हापूर एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबर असणार," पण तोंड जरा वाकडं केलं.

पेचकसही टोचला. पायडलजवळ आणि स्टँडच्या एका कानापाशी आत गेला. आता इंजिन पूर्ण उघडायचं ठरलंय, वेल्डिंगला कुपवाड एमआयडीसीत एक जण मिळालाय, तो पत्रा कापून बसवायला तयार आहे, पुट्टीचं नाव काढलं नाही त्याने. अर्जाची सुरुवात केली. आईने सही केली, भावाने अटीवर केली: सीट त्याच्या पसंतीची आणि हेडलाइट एलईडी, व्होल्टवाल्या दादांनी सांगितलेल्या पद्धतीने. डिस्क आणि मॅट ब्लॅक त्याने सोडलं. अलॉय अजून पूर्ण सोडलेलं नाही, दिवाळीच्या बोनसवर नजर आहे.

मूळचा निळा ठेवायचाय, पण बाहेरचा रंग उडून पांढरट झालाय. पेंटरने शेडचं कार्ड दाखवलं, त्यातला एकही निळा आमचा नाही. कसा जुळवू?

उद्यमनगरचा_बोअरवाला

कार्ड बंद करा. डावीकडच्या पॅनेलच्या डिकीचं झाकण आतून बघा, आणि सीट काढून टाकीच्या कडेखालचा पत्रा बघा. तिथे ऊन कधी पोचलं नाही, कारखान्यातून आला तोच निळा असणार. वंगण आणि धूळ रॉकेलने पुसा, थिनर लावू नका, रंगच निघेल. ते डिकीचं झाकणच पेंटरकडे न्या आणि दुपारी उन्हात धरून मिसळायला सांगा, ट्यूबलाइटखाली नाही. पहिला हात छोट्या पत्र्यावर मारून सुकवून मग जुळवायचा, ओला रंग वेगळा दिसतो.

रंगाच्या आधी चॅसी नंबर खोदलेल्या जागेवर टेप लावायला सांगा. पुट्टी आणि प्रायमर त्या अक्षरांत भरलं तर आरटीओत पेन्सिल मारताना काहीच उठत नाही, आणि मग पेपरवाले म्हणतात तसा महिन्याला तीनशेचा मीटर चालूच राहतो.

सील आणायला जाताना जुनी सील बरोबर न्या. दुकानदार मापाच्या आकड्याऐवजी "चेतकचं द्या" एवढ्यावर देतो आणि वेगवेगळ्या वर्षांत फरक असतो. नवीन सीलच्या ओठाला बसवण्याआधी तेलाचं बोट लावायला मिस्त्रींना सांगा. त्यांनी तोंड वाकडं केलं तरी सांगा.

नाशिकचा_टकाटक

निळी झाली की फोटो टाका ताई. भावाला म्हणावं, दहा इंची अलॉयचा एक सेट माझ्याकडे पडून आहे, बोनस आला की मेसेज कर.

उद्यमनगरचा_बोअरवाला

आधी पंधराशे किलोमीटर फिरू दे तिला. मग काय ते अलॉय.